कोरड्या सडकेवर चार चाकांचा जोर

बैलांकडून मळणी काढण्याची रीत कुरुंदवाडच्या शिवारांतून आतां जवळजवळ नाहींशी झाली आहे. तथापि घरांतील वडील माणसांस विचारल्यास ती त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलेली असते. खळ्याच्या मध्यभागीं तिवडा पुरलेला असे, आणि त्यास एका रांगेंत बांधलेले तीन-चार बैल गोल फिरत. तिवड्याशेजारचा बैल बहुधा म्हातारा किंवा सुस्त असे. तो जागच्या जागीं फिरल्यासारखा हळू हळू पाय टाकी. बाहेरच्या टोकास तरणा, चपळ बैल बांधीत. कारण त्याच एका फेर्‍यांत त्यास कितीतरी अधिक वाट चालावी लागे. ज्यानें त्यानें आपापल्या वाटेपुरतीं पावलें टाकावीं, यांत कोणास अडचण नव्हती. आतां अशी कल्पना करा कीं, कोणी अतिशहाण्यानें त्या सर्व बैलांचे पाय एका लांब वाशास बांधून टाकिले, आणि आंतल्यानें जितकीं पावलें टाकावीं तितकींच, तेवढ्याच लांबीचीं, बाहेरच्यानेंही टाकावीं असा नियम केला. पुढें काय होईल हें सांगावयास नको. एक तर कोणी बैल फरपटेल, नाहीं तर दोर तुटेल, नाहीं तर पाय मोडेल.

चारही चाकांस जोर देणारी जीप, तो जोर न काढतां, कोरड्या डांबरी सडकेवर हांकणें हें त्या वाशाच्याच जातीचें काम आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, आमचा मुलूखच तसा आहे. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आमच्या दारांत. नदीकांठची काळी जमीन पावसाळ्यांत असा पाय धरते कीं तो निघतां निघत नाहीं. २००५ चा महापूर पालकांस, आणि २०१९ व २०२१ चे महापूर मुलांसही, चांगले आठवत असतील. अशा ठिकाणीं चार चाकी जोराची जीप किंवा ट्रॅक्टर ही केवळ चैनीची वस्तु नव्हे. ज्या घरीं ती आहे, त्या घरचा मुलगा परवान्याचें वय होण्याची वाट पाहत (आणि कित्येक वेळां न पाहतां, ही गोष्ट पालकांनीं मनावर घ्यावी) तिचे सर्व दांडे ओळखूं लागलेला असतो. कोणता दांडा केव्हां घालावा हें त्यास ठाऊक असतें. केव्हां काढावा हें मात्र बहुधा कोणी सांगितलेलें नसतें. आम्हांसही कोणी सांगितलें नव्हतें, आणि तें अज्ञान आम्हांस बरेंच महाग पडलें.

२०१९ च्या महापुराचें पाणी उतरल्यावर कांहीं आठवड्यांनीं आमच्या मेहुण्यांची जुनी जीप घेऊन आम्ही नदीकांठच्या रानांत गेलों होतों. पाण्याची मोटर गाळांत रुतून बसली होती, ती काढून दुरुस्तीसाठीं गांवांत आणावयाची होती. रानांतील वाट म्हणजे नुसती राड. मागच्या दोन चाकांवर जीप पुढें सरेना; चाकें जागच्या जागीं भिरभिरूं लागलीं. तेव्हां आम्ही पुढच्या चाकांचा दांडा घातला, आणि डबक्यांतून म्हैस उठून यावी तशी ती गाडी संथपणें बाहेर आली. डांबरी सडकेवर आल्यावरही दांडा तसाच राहिला. आम्ही तो विसरलों, असें म्हणणें सोयीचें होईल; पण खरें तसें नव्हे. दोन चाकांपेक्षां चार चाकें ओढतील तर गाडी अधिक भरंवशाची, असाच आमचा समज होता.

सरळ सडकेवर विशेष कांहीं जाणवलें नाहीं. गाडी जरा जड ओढते आहे, एवढेंच. पहिल्या वळणावर स्टिअरिंगचें चक्र हातास जड लागलें, टायर कुरकुरले, आणि गाडीनें खालून एक हिसका दिला. वळण पुरें होईना. गाडी वळण्याऐवजीं सरळच सरकूं पाहत होती. समोरून एक मुलगा सायकलीवर येत होता. गाडी आपल्या अंगावर येते आहे असें पाहून त्यानें सायकल सडकेखालीं घातली, म्हणून निभावलें. आम्ही घाबरून थांबलों, त्याची विचारपूस केली, आणि दांडा काढूं गेलों तर तो दोन्ही हातांनीं हलेना. आंत कोठें तरी बिघाड असावा असें समजून तसेच हळू हळू गांवांत शिरलों. मिस्त्रींच्या दुकानाकडे वळतांना खालून 'काड्' असा आवाज झाला, चक्र एकाएकीं हलकें झालें, आणि जो दांडा दोन हातांनीं येत नव्हता तो एका बोटानें आला. पुढच्या चाकांकडे जोर नेणार्‍या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा फुलीच्या आकाराचा पोलादी सांधा, तुटला होता.

मिस्त्री खालीं वांकून पाहून उठले व म्हणाले, "मास्तर, रानात घातलेला दांडा सडकंवर आल्यावर काढला न्हाई व्हय?"

"चार चाकें ओढतात, त्यांत वाईट काय?" आम्ही विचारिलें.

"चिखलात काय वाईट न्हाई. चिखल सोडतो, मास्तर. डांबर सोडत न्हाई."

त्यांच्या या उत्तरांत सारें शास्त्र आलें. पुढें आम्ही लिहीत आहों तो त्याचाच विस्तार समजावा.

गाडी वळते तेव्हां तिचीं चारही चाकें निरनिराळ्या वाटांनीं जातात. बाहेरचें चाक मोठ्या वर्तुळावरून व आंतलें लहान वर्तुळावरून जातें, हें सहज समजण्यासारखें आहे. बैलगाडीस याचा त्रास नाहीं, कारण तिचीं चाकें आंसाभोंवतीं सुटीं फिरतात. एक जवळजवळ थांबलें आणि दुसरें फिरत राहिलें तरी आंसाचें कांहीं बिघडत नाहीं. मोटारींत मात्र चाकांस इंजिनाचा जोर पोंचवावयाचा असतो, यास्तव तीं अशीं सुटीं ठेवतां येत नाहींत. ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पेकर नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें वाफेच्या गाडीसाठीं सोडविली. तींतील युक्तीस डिफरन्शियल म्हणतात. डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यें दांतेरी चाकांची अशी जोडणी करितात कीं, जोर दोघांसही पोंचावा, परंतु एक चाक जितकें हळू फिरेल तितकें दुसरें जलद फिरावें. आंतल्या व बाहेरच्या बैलाचा निवाडा या लोखंडी पेटींत होतो.

येथपर्यंत बहुतेकांस ठाऊक असतें. पुढची गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. वळतांना डाव्या-उजव्या चाकांच्याच वाटा भिन्न असतात असें नव्हे. पुढच्या व मागच्या चाकांच्याही भिन्न असतात. पुढचीं चाकें वळण बाहेरून घेतात, मागचीं तें आंतून कापतात. ओल्या चाकांची गाडी कोरड्या फरशीवरून वळविली तर दोन नव्हे, चार रेघा उमटतात. कोपर्‍यावरच्या दगडास मालमोटारीचें पुढचें चाक चुकवून जातें आणि मागचें त्याच दगडावर चढतें, तें याच कारणानें.

आतां, ज्या गाडींत चार चाकी जोर प्रसंगापुरता घेण्याची सोय असते, जिला 'पार्ट-टाइम फोर-व्हील' असें म्हणतात, तींत पुढच्या दोन चाकांच्या मध्यें एक डिफरन्शियल व मागच्या दोन चाकांच्या मध्यें दुसरें असतें. पण पुढची जोडी व मागची जोडी यांच्यामध्यें निवाडा करणारें कोणी नसतें. गिअरच्या पेटीमागें ट्रान्स्फर केस नांवाची आणखी एक पेटी असते. दांडा काढलेला असला म्हणजे इंजिनाचा जोर तींतून केवळ मागच्या शाफ्टकडे जातो. दांडा घातला कीं पुढचा शाफ्टही त्यास घट्ट जोडिला जातो. आणि मग मागचा शाफ्ट जितके फेरे फिरेल तितकेच पुढच्यानें फिरावे, एकही अधिक नाहीं कीं उणा नाहीं, असें बंधन पडतें. खळ्यावरचा वासा तो हाच.

हा फरक किती, तें हिशेबानें पाहूं. दुसर्‍या महायुद्धांतील मूळ विलिस जीपचें माप घेतों, कारण तें प्रसिद्ध आहे. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमध्यें ८० इंच, म्हणजे सुमारें २.०३ मीटर अंतर. डाव्या-उजव्या चाकांमध्यें सुमारें १.२४ मीटर. समजा, मागच्या आंसाचा मध्यबिंदु ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात आहे. तर मागचें आंतलें चाक ४.३८ मीटर व बाहेरचें ५.६२ मीटर त्रिज्येवर येतें. पुढच्या चाकांसाठीं पायथॅगोरसचा सिद्धान्त लावावा लागतो. आंतल्याची त्रिज्या ४.८३ व बाहेरच्याची ५.९८ मीटर येते. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं हे आंकडे स्वतः पडताळून पाहावे, आमच्यावर विसंबूं नये. मागच्या जोडीची सरासरी ५ आणि पुढच्या जोडीची ५.४० मीटर झाली. पुरा एक फेरा घेतांना मागची जोडी सरासरीनें ३१.४ मीटर चालेल, पुढची ३३.९ मीटर. फरक अडीच मीटरांचा.

एवढा मोठा फेरा रोज कोण घेतो, असें म्हणाल. बरें, साधें काटकोनी वळण घ्या. फरक त्याच्या चवथाईनें, म्हणजे सुमारें ६३ सेंटिमीटर; दोन फुटांहून किंचित् अधिक. जीपच्या चाकाचा परीघ सुमारें २.२५ मीटर धरल्यास हा चाकाच्या पाव फेर्‍याहून थोडा जास्त झाला. आणि त्या जीपच्या आंसांतील दांतेरी चाकांचें प्रमाण असें कीं, चाकाच्या एका फेर्‍यास शाफ्टचे ४.८८ फेरे होतात. म्हणून गल्लींतल्या एका वळणांत पुढच्या शाफ्टनें मागच्यापेक्षां जवळजवळ सव्वा ते दीड फेरा अधिक फिरावयास पाहिजे. ट्रान्स्फर केस त्यास पाव फेराही अधिक फिरूं देत नाहीं. तर हे दोन फूट जातात कोठें?

रानांत तीं माती भरून देते. चिखलांत, वाळूंत, मुरमाड पाणंदींत टायर हातभर घसरला तर हांकणार्‍यास कळतही नाहीं. कोरडें डांबर तसें घसरूं देत नाहीं. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर साधारण ०.७ ते ०.८ असतो, ओल्या चिखलांत तो पुष्कळच कमी, ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो. गाडीचें वजन ११०० किलोग्रॅम धरा, त्यांतील निम्मे पुढच्या आंसावर. चिखलांत पुढचीं दोन चाकें सुमारें दीडशें किलोग्रॅमच्या ओढीनेंच घसरतील व ताण मोकळा होईल. डांबरावर तीं घसरावयास सुमारें ३८५ ते ४४० किलोग्रॅमची ओढ लागेल. आणि तोंवर ती सगळी ओढ शाफ्ट, क्रॉस, दांतेरी चाकें व त्यांचे बेअरिंग यांनीं सोसावयाची. शेवटीं टायर सुटतो तेव्हां गाडीस तो हिसका बसतो. एखाद्या वळणावर टायर सुटला नाहीं, तर ताण आंत तसाच राहून पुढच्या वळणाच्या ताणांत मिळतो.

या सांठलेल्या ताणास मिस्त्रींच्याच शब्दांत 'पीळ' म्हणावें. दुसरा इतका नेमका शब्द आम्हांस सुचत नाहीं. सुताराच्या गिरमिटासारखा शाफ्ट एका टोकास धरून दुसर्‍या टोकास पिळला जातो. दांडा निघत नाहीं तो यामुळेंच. ट्रान्स्फर केसमधील जी सरकती कडी ओढून बाजूस न्यावयाची, तिचे दांत या पिळानें दुसर्‍या दांतांवर घट्ट दाबून बसलेले असतात. दांडा बिघडलेला नसतो. त्यास सुटावयास जागा नसते. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाहीं, असें म्हणतात; गाडींतला पीळ मात्र सहज उलगडतो, कसा तें पुढें येईलच.

आणि वळलेंच नाहीं, नाकासमोर सरळ गेलें, तर? तरीही सुटका नाहीं, ही गोष्ट आम्हांसही नवीन होती. पुढचे टायर थोडे झिजलेले, मागचे नवे. किंवा मागें ओझें भरल्यामुळें मागचे टायर थोडे दबलेले. किंवा हवेंत थोडा फरक. एवढ्यानें चाकाच्या परिणामी परिघांत शेंकडा एकाचा फरक सहज पडतो. शेंकडा एक म्हणजे एका किलोमीटरास दहा मीटर. म्हणजे चाकाचे जवळजवळ साडेचार फेरे, शाफ्टचे एकवीस-बावीस. कुरुंदवाडहून कोल्हापूरपर्यंत दांडा घालून गेलें तर किती, तो गुणाकार वाचकांनीं करावा.

वळणावर आमची गाडी सरळ सरकूं लागली तिचेंही कारण आतां समजेल. पुढचीं चाकें वळणांत जलद फिरूं पाहतात आणि मागचीं त्यांस मागें ओढून धरतात. उलट, मागच्या चाकांस त्यांच्या वाटेहून अधिक फिरावें लागल्यानें तीं गाडीस मागून सरळ ढकलतात. हांकणार्‍यानें चक्र फिरवावें आणि गाडीनें अर्धवटच ऐकावें, असा प्रकार होतो. टायर व सांधे पैसे देऊन मिळतात. त्या दिवशीं सडकेच्या कडेस खोल चर असता, किंवा तो मुलगा एवढा सावध नसता, तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही अद्याप टाळतों.

ज्यांनीं जीप निर्माण केली त्यांस हें सर्व ठाऊक होतें. १९४१ ते १९४५ या युद्धकाळांत अमेरिकेंतील विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्या गाडीच्या समोरच्या फळीवर दांड्यांच्या आकृतीची धातूची पाटी ठोकलेली असे, आणि तींतच कोरड्या, कठीण सडकेवर पुढच्या चाकांचा जोर काढावा अशी आज्ञा असे. तिकडे शेतांतील व छावणींतील नवशिक्या पोरांच्या हातीं गाडी जावयाची, म्हणून ही खबरदारी. स्वातंत्र्यानंतर लौकरच मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलिस जीप जोडण्याचा उद्योग आरंभिला, आणि महाराष्ट्रांतील सरकारी कचेर्‍या, धरणांचीं कामें, ऊसवाल्या बागाइतदारांचीं घरें यांत जीप शिरली ती तेव्हांपासून. १९८५ सालीं आलेली मारुतीची जिप्सी, २०१० सालची थार आणि २०२० सालीं नव्या रूपांत आलेली थार, यांची चार चाकी जोराची रचना मूळ तत्त्वांत तीच, प्रसंगापुरत्या जोराची. आंतील बैठक मऊ झाली, वार्‍याचें यंत्र आलें. पण वासा आहे तेथेंच आहे.

कोणत्याही सडकेवर सदोदित चार चाकें ओढणार्‍या गाड्याही असतात. त्यांच्या पुढच्या व मागच्या जोडीमध्यें तिसरें डिफरन्शियल असतें. १९७० सालीं विलायतेंत निघालेली रेंज रोव्हर व १९७७ ची रशियन निवा या त्या जातीच्या. अलीकडील कित्येक मोटारींत डिफरन्शियलऐवजीं सरकणारा क्लच घालतात व त्याचें काम विजेचें यंत्र पाहतें. आपली गाडी कोणत्या जातीची, हें ओळखण्याची एक खूण सांगतों: दांड्यावर किंवा बटणावर 'टू एच्' अशी जागा असेल, तर बहुतेक ती प्रसंगापुरत्या जोराची समजावी, सडकेसाठीं तीच जागा ठेविलेली असते. शंका राहिल्यास गाडीबरोबर आलेलें पुस्तक उघडावें. तें बहुधा कोर्‍या स्थितींत, पिशवींतच असतें.

ट्रॅक्टरविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण शिरोळ तालुक्यांत जीपांपेक्षां तेच फार. चार चाकी जोराच्या ट्रॅक्टराचीं पुढचीं चाकें लहान व मागचीं मोठीं असतात. म्हणून कारखानदार आंतील दांतांचें प्रमाण असें ठेवितो कीं, लहान चाकांनीं अधिक फेरे घेऊन मोठ्यांशीं बरोबरी करावी. एवढेंच नव्हे, तर पुढच्या चाकांस मुद्दाम शेंकडा एक ते पांच इतकी आघाडी देतात. त्यामुळें नांगरटींत पुढचीं चाकें खरोखर ओढतात व मागच्यांनीं नुसतें ढकलावें असें होत नाहीं. ढेकळांत हा गुण आहे. तोच ट्रॅक्टर गळिताच्या हंगामांत उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून डांबरी सडकेवर कारखान्याकडे निघाला, आणि पुढचा जोर तसाच घातलेला राहिला, तर शंभर मीटरांत एकापासून पांच मीटरांपर्यंत पुढचा टायर सडकेवर नुसता खरडला जातो. पुढचे टायर वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत झाले म्हणून टायरवाल्यास दोष देणारे पुष्कळ भेटतात. दुसरी चूक टायर बदलतांना होते. मागचे मूळ मापाचे ठेवून पुढचे जरा मोठे किंवा लहान घातले कीं कारखानदारानें जुळविलेला मेळ बिघडतो, मग नांगरटींतही पीळ भरूं लागतो. दर्शनी चांगला टायर स्वस्तांत मिळतो आहे, एवढ्यावर जाऊं नये, माप विचारावें.

आतां केव्हां घालावा व केव्हां काढावा. राड, वाळू, ओली पाणंद, पुरानें बसलेला गाळ, ओल्या गवताचा चढ, येथें दांडा घालावा, आणि रुतण्यापूर्वीं घालावा. चाकांनीं आपले खड्डे खणल्यावर चार काय नि दोन काय. सडक लागली कीं काढावा. नुसता पाऊस पडून डांबर ओलें झालें आहे, एवढें कारण पुरत नाहीं. ओलें डांबरही टायरास बरेंच धरतें. हंगामांत ट्रॅक्टरांनीं सडकेवर काळ्या मातीचा थर आणून टाकलेला असतो व त्यावर सर आली कीं साबणासारखें होतें. तेवढ्या तुकड्यापुरता, सरळ व सावकाश जात असल्यास, दांडा घालण्यास हरकत नाहीं, थर संपला कीं काढावा. पन्हाळ्याच्या किंवा अंबोलीच्या घाटांत चढ आहे म्हणून कोरड्या सडकेवर दांडा घालणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत. चढास लहान गिअर पाहिजे, चार चाकें नव्हेत. आणि घाटांत तर वळणांवर वळणें! चार चाकी जोरानें गाडी लौकर थांबते असाही एक समज आहे. दोन चाकांच्या मोटारीसही ब्रेक चारही चाकांस असतात; हा दांडा जोर देण्यासाठीं आहे, रोखण्यासाठीं नव्हे. आणि पुलावरून पाणी वाहत असतां 'आमची फोर-व्हील आहे' म्हणून कोणी गाडी घालूं लागेल, तर त्यास घरच्या मंडळींनीं खुशाल खालीं ओढावें. पाणी गाडीस उचलूं लागलें म्हणजे टायर जमिनीस टेकतच नाहींत, मग जोर चार चाकांस आहे कीं चाळीस, याचा कांहीं उपयोग नाहीं.

दांडा अडकला तर? बळ करूं नये. क्लच दाबून, किंवा गाडी अगदीं सावकाश चालत असतां, दांड्यावर हलका ताण ठेवावा. तेवढ्यानें न आल्यास ज्या वळणांत पीळ भरला त्याच वळणानें गाडी चार-सहा मीटर मागें घ्यावी. पिळलेला दोर उलटा फिरविला कीं मोकळा होतो, तसेंच हें. सरळ सडकेवर भरला असल्यास सरळ मागें घ्यावी. सडकेच्या कडेस मुरूम किंवा माती असेल तर एका बाजूचीं चाकें तिच्यावर उतरविलीं कीं बहुतेक काम होतें. जॅक लावून एक चाक उचलण्याचीही रीत आहे, पण ती मिस्त्रींवर सोडावी; पीळ सुटतांना उचललेलें चाक झटक्यानें फिरतें, व जवळ हात असल्यास इजा होते.

शेवटीं एक प्रयोग, ज्यास जीप लागत नाहीं. सायकलीच्या पुढच्या व मागच्या टायरावर खडूनें एकेक ठळक खूण करा. मैदानांत दोरीनें ३ मीटर त्रिज्येचें वर्तुळ आंखा आणि मागचें चाक त्या रेघेवर राहील अशा बेतानें सायकल हातांत धरून, चालत, दोन पुरे फेरे घ्या. दोघां सोबत्यांनीं एकेका चाकाचे फेरे मोजावे. साध्या मोठ्या सायकलीचीं चाकें सुमारें २.२ मीटर परिघाचीं व आंसांमधील अंतर १.०७ मीटरांच्या आसपास असतें. तेव्हां दोन फेर्‍यांत पुढचें चाक मागच्यापेक्षां सुमारें एक फेरा अधिक फिरलेलें दिसेल. मग दोन्ही चाकें एकाच साखळीनें बांधलीं असतीं तर ही सायकल वळली असती काय, याचें उत्तर वहींत आकृतीसह लिहावें. आमच्या जीपचा तुटलेला क्रॉस विज्ञानाच्या वर्गांत कपाटावर ठेविला आहे. त्याच्या चार भुजांपैकीं तीन शाबूत आहेत व चवथी मुळाशीं पिळून तुटलेली आहे. जे विद्यार्थी प्रयोगाचे आंकडे आणून दाखवितील त्यांच्या हातीं तो पाहावयास देऊं.